वऱ्हाड गहाण पडले त्याची गोष्ट

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमची शाळा अचलपूर भागातली. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात बोलता बोलता निजामाचा विषय निघाला. मुलांना निजाम माहीत असतो तो मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, १९३७ साली 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला, लिंबाएवढा हिरा म्हणे कागदांवर वजन म्हणून ठेवणारा, अशा गोष्टी. मीही सांगून टाकले की आपले वऱ्हाडही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, निजाम इतका पैसेवाला होता, तर मग आपला इलाका त्याने इंग्रजांना का दिला?"

"कर्जापायी," मी म्हणालो.

वर्ग हसला. मुलांना वाटले मी गंमत करतोय. कर्ज गरिबाला असते, शेतकऱ्याला असते, अब्बांना असते. राजाला कसले कर्ज? तास संपला, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाची बातमी होती की २०२५-२६ अखेर राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या पुढे जाईल. त्या बातमीवरही लोक दोनच गोष्टी बोलत होते. एक, "देश विकायला काढला." दोन, "सगळीच सरकारे कर्ज काढतात, त्यात काय." मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. सरकारचे कर्ज म्हणजे काय, ते कसे वाढते आणि ते फेडायचे मार्ग कोणते, हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपण ज्या मातीवर उभे आहोत, ती माती स्वतःच ५० वर्षे गहाण होती आणि नंतर कायमच्या भाडेपट्ट्याने गेली. तिचीच गोष्ट सांगतो.

कर्जाचे मूळ: जी फौज मागितलीच नव्हती

१७९८ साली निजाम अली खान यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची आपली पलटण मोडायची, कंपनीची फौज ठेवायची आणि तिचा खर्च म्हणून वर्षाला २४ लाखांवर रक्कम द्यायची, असा तो तह होता. दोनच वर्षांत, १८०० साली नवा तह झाला. म्हैसूरच्या लढायांत वाट्याला आलेला मुलूख, म्हणजे बेल्लारी, कडप्पा वगैरे जिल्हे, निजामाने या फौजेच्या खर्चापोटी कंपनीला कायमचे देऊन टाकले. तैनाती फौजेचा हिशोब तिथे मिटला. इथपर्यंत कर्ज नव्हते.

पण १८०० च्या तहात एक कलम होते. युद्ध झाले तर निजामाने कंपनीच्या मदतीला ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडेस्वार द्यायचे. युद्ध झाले तर! पुढे हेन्री रसेल हैदराबादला रेसिडेंट असताना या कलमाचा आधार घेऊन इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळीच कायमची फौज उभी राहिली. तिलाच पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणू लागले. १८१८ ला पेशवाई बुडाली, दख्खनमधली मोठी युद्धे संपली, पण ही फौज तशीच राहिली. तिच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली, अंबाजोगाई आणि आमच्याजवळच्या परतवाड्याला होत्या. अधिकारी इंग्रज, त्यांचे पगार इंग्रज ठरवणार, हुकूम रेसिडेंटचा आणि खर्च निजामाचा. हा खर्च वर्षाला साधारण ४० लाख रुपये होता.

पुढे स्वतः लॉर्ड डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले की शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम १८०० च्या तहाने बांधलेला नव्हता. मान्य केले, पण वसुली थांबवली नाही.

माझा पहिला धडा इथे आहे. एखाद्या सरकारवर कर्ज चढले की आपण लगेच उधळपट्टी शोधायला लागतो. उधळपट्टी हैदराबादेतही होतीच. पण सर्वांत मोठा खर्च असा होता, जो कमी करायचा अधिकारच खर्च करणाऱ्याला नव्हता. म्हणून कर्जाचा आकडा विचारण्याआधी विचारावे की हा खर्च ठरवला कोणी.

पामर कंपनी: २४ टक्क्यांचे औषध

त्या काळी हैदराबादचा कारभार पेशकार म्हणून चंदूलाल पाहत होते. उर्दूच्या शिक्षकाला चंदूलाल 'शादाँ' या तखल्लुसाने माहीत असतात. शायरी करायचे, शायरांना सढळ हाताने द्यायचे. खजिन्यात मात्र फौजेचा पगार द्यायला पैसा नसे. मग १८१४ च्या सुमारास उभी राहिलेली विल्यम पामर आणि कंपनी पुढे आली. विल्यम पामर हा इंग्रज जनरल बाप आणि फैज बख्श बेगम या मुस्लिम आईचा मुलगा. युरोपियनांनी देशी राजांना कर्ज द्यायला कायद्याने बंदी होती. पण १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने या पेढीला खास सूट दिली. त्याच्या घरात वाढलेल्या मुलीचा नवरा, सर विल्यम रंबोल्ड, या पेढीत भागीदार होता.

व्याजाचा दर होता २४-२५ टक्के. ज्यांना गणित आवडते त्यांनी करून पाहावे: २४ टक्के चक्रवाढीने रक्कम सव्वातीन वर्षांत दुप्पट होते. १८२० साली आणखी ६० लाखांचे कर्ज ठरले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ नवा रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने तपास सुरू केला. उघड झाले ते असे: त्या ६० लाखांतले बरेचसे पैसे नवे नव्हतेच, जुनीच येणी नव्या खात्यावर चढवली होती आणि त्यात ८ लाख रुपये भागीदारांचा 'बोनस' म्हणून धरले होते. खजिन्यात आली ती फक्त कागदावरची सही.

व्याज भरायला नवे कर्ज काढणे हा कर्ज 'हाताळण्याचा' सर्वांत जुना मार्ग. मी घर बांधायला बँकेकडून कर्ज काढले, तेव्हा पहिल्या वर्षीचे बारा हप्ते भरून झाल्यावर खातेउतारा पाहिला. मुद्दल जेमतेम हलले होते. मला वाटले बँकेची चूक झाली. चूक नव्हती, तोच कर्जाचा स्वभाव. पण माझा हप्ता माझ्या पगारातून जात होता. निजामाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून जात होता. फरक इथे पडतो.

मालमत्ता विकून फेड: १८२३

मेटकाफने पामरचे प्रकरण मिटवायचा जो मार्ग काढला, तो आजच्या भाषेत मालमत्ता विक्रीचा. उत्तर सरकार म्हणून ओळखला जाणारा किनारी मुलूख कंपनीने निजामाकडून फार पूर्वीच घेतला होता. त्याबद्दल कंपनी दरवर्षी निजामाला ७ लाख रुपये पेशकश देत असे. म्हणजे इथे निजाम घेणेकरी होता. १८२३ साली ठरले की कंपनीने एकदाच १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये द्यावेत आणि ही पेशकश कायमची बंद व्हावी. त्या रकमेतून पामरचे देणे भागले. दुसऱ्याच वर्षी पामर कंपनीही बुडाली.

हा सौदा वाईट होता का? हिशोब केला तर नाही. ७ लाखांचे उत्पन्न ६ टक्क्यांच्या हिशोबाने विकले आणि २४ टक्क्यांचे कर्ज फेडले. कोणताही शहाणा माणूस हेच करील. घरात सोने पडून आहे आणि डोक्यावर सावकाराचे व्याज वाढत आहे, तर सोने विकावेच.

पण सोने विकून कर्ज फेडणाऱ्याने पुन्हा कर्ज का झाले होते ते कारण बंद केले पाहिजे. कंटिंजंटचे ४० लाख चालूच राहिले. त्यामुळे २० वर्षांनी कर्ज पुन्हा उभे राहिले आणि या वेळी विकायला पेशकश उरली नव्हती. मालमत्ता विकल्याने दम घ्यायला वेळ मिळतो. त्या वेळात काय केले, यावर सगळे ठरते. आज सरकारी कंपन्या आणि जमिनी विकायचा विषय निघाला की मला हीच तारीख आठवते. विकणे पाप नाही. विकून आलेल्या पैशाने चालू खर्च भागवणे हे मात्र घरातले दार जाळून स्वयंपाक करण्यासारखे आहे.

कर्ज बुडवणे आणि वसुलीचा मक्ता

मधल्या काळात आणखी दोन मार्ग वापरून झाले.

एक, वसुलीचा मक्ता. तालुकदाराने सरकारला ठरलेली रक्कम आधी द्यायची आणि मग गावागावांतून आपली वसुली करून घ्यायची. सरकारला रोकड लगेच मिळे. पण तालुकदाराला पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील याची खात्री नसे, म्हणून तो याच वर्षी रयतेला पिळून घेई. रयत गाव सोडून जाई, जमीन पडीक राही आणि पुढच्या वर्षीचा वसूल कमी होई. मग पुन्हा कर्ज. दरम्यान जिल्हेच्या जिल्हे सावकारांकडे आणि अरब, रोहिले जमादारांकडे तारण पडले.

दोन, सरळ हात वर करणे. मूळ तारापूरचे पारशी बंधू विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायचा मोठा व्यापार उभा केला होता. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांचा रुपया पडे, लोक त्याला पेस्तनशाही म्हणत. त्यांनी निजाम सरकारला मोठ्या रकमा दिल्या आणि तारण म्हणून वऱ्हाडातली वसुली घेतली. १८४० च्या दशकात सरकारने ती वसुली त्यांच्याकडून काढून घेतली, पैसे मात्र परत केले नाहीत. पेढी बुडाली. कर्ज एका फटक्यात कमी झाले, असे कोणी म्हणू शकेल. पण त्यानंतर हैदराबादच्या दिवाणाला कर्ज द्यायला कोण पुढे येणार? पत गेली. आणि पत गेली की उरतो तो एकच सावकार, ज्याच्याकडे तोफा आहेत.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायची आहे. निजामाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला निजाम म्हणजे आपल्या वैभवाची आठवण, दुसऱ्याला फक्त जुलूम. या कर्जाच्या वहीत पाहिले तर काय दिसते? देणेकरी मुस्लिम राजा. त्याचा पेशकार हिंदू. सावकारांत इंग्रज, पारशी, मारवाडी, गुजराती आणि व्याजाने पैसे देणारे अरब जमादारही. आणि शेवटी फेडणारा कोण? वऱ्हाड-मराठवाड्यातला कुणबी, माळी, महार, तेली आणि मुसलमान शेतकरी. वहीला मजहब नसतो. ती फक्त घेणारा आणि देणारा ओळखते.

२१ मे १८५३

खजिना रिकामा, म्हणून कंटिंजंटचा पगार कंपनी स्वतःच्या तिजोरीतून देऊ लागली आणि तो निजाम नासिर-उद-दौला यांच्या नावावर कर्ज म्हणून लिहू लागली, तेही व्याजासह. आपल्या हाताखालच्या फौजेचा पगार आपणच द्यायचा आणि दुसऱ्याच्या खात्यावर मांडायचा! निजामाच्या बाजूचे म्हणणे होते की आमचेही कंपनीकडे येणे आहे, सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतले अबकारीचे उत्पन्न आमचे असून ते आम्हाला मिळाले नाही. हे वजा करा, मग बाकी काढा. ते कोणी ऐकले नाही.

१८५१ मध्ये निजामाने मोठी रक्कम कशीबशी भरली. पण मूळ खर्च चालूच असल्याने दोन वर्षांत बाकी पुन्हा अर्ध्या कोटीच्या आसपास गेली. मग रेसिडेंट कर्नल लो याने डलहौसीचा मसुदा पुढे ठेवला. २१ मे १८५३ ला तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब एवढा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. तो कंटिंजंटच्या खर्चासाठी आणि कर्जाच्या व्याजासाठी. मालकी कागदावर निजामाची, कारभार कंपनीचा. तह करणारा दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर आठवडाभरातच वारला.

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असे आपण म्हणतो. ती कुऱ्हाड अशी हातातून गेली.

सालारजंग: हिशोबाने फेड

सिराज-उल-मुल्क यांच्या जागी त्यांचा पुतण्या दिवाण झाला. मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग. वय २४. तिजोरी रिकामी, पत शून्य, सर्वांत सुपीक प्रांत गेलेला. या माणसाने पुढच्या ३० वर्षांत जे केले, ते कर्ज कमी करण्याचा खरा धडा आहे, आणि त्यात चमत्कार एकही नाही.

त्यांनी वसुलीचे मक्ते मोडले आणि पगारी तालुकदार नेमले. सावकार आणि जमादारांकडे तारण पडलेले जिल्हे त्यांचे दावे तपासून, देणी ठरवून एकेक सोडवले. दावा खरा असेल तर पैसे द्यायचे, फुगवलेला असेल तर कापायचा, पण हात वर करायचे नाहीत. त्यामुळे सावकार हळूहळू पुन्हा दाराशी येऊ लागले. गावोगावच्या वेगवेगळ्या टांकसाळींऐवजी एका ठिकाणचे हाली शिक्का नाणे आणले. १८६४ ला महसुलासाठी मंडळ नेमले आणि १८६५ ला जिलाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत नीट विभागणी केली. पुढे औरंगाबाद भागात जमिनीची मोजणी आणि आकारणी सुरू झाली. १८७४ ला वाडीपासून हैदराबादपर्यंत रेल्वे आली.

या सगळ्याचे सार एवढेच: कर वाढवण्याआधी कर पोहोचण्याची वाट सुधारली. रयतेने दिलेला रुपया खजिन्यापर्यंत येईपर्यंत जेवढा गळत होता, तेवढी गळती बंद केली. रयत टिकली, जमीन कसली गेली, वसूल वाढला. कर्ज तेवढेच राहिले तरी उत्पन्न वाढले की कर्जाचे ओझे हलके होते. आजचे अर्थतज्ज्ञ कर्जाचा आकडा सुटा न सांगता देशाच्या उत्पन्नाच्या किती टक्के असे सांगतात, ते याचसाठी. केंद्र सरकारने ३१ मार्च २०३१ पर्यंत आपले कर्ज उत्पन्नाच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. म्हणजे कर्ज शून्य करायचे नाही, उत्पन्नाच्या मागे ठेवायचे आहे.

पण वऱ्हाड परत आले नाही

१८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहात ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांकडेच राहिले. आणि त्याच तहात एक कलम घातले की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब निजाम यापुढे मागणार नाही. खर्च जाऊन काही उरले तर ते मिळेल. उरले किती, हे सांगणारे तेच.

मला संपूर्ण प्रकरणात हे कलम सर्वांत भयंकर वाटते. कर्ज माफ झाले होते, पण हिशोब विचारण्याचा हक्क गेला होता. आणि वेळ कोणती? पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. खामगावच्या बाजारात व्यापाऱ्यांची रीघ लागली. १८६७ ला वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रेल्वे गेली, १८७० ला खामगावचा फाटा सुरू झाला. प्रांताचे उत्पन्न वाढले, तसा तिथल्या कारभाराचा खर्चही वाढत गेला. निजामाच्या वाट्याला येणारी शिल्लक त्या मानाने किरकोळच राहिली.

सालारजंगांनी पुन्हा पुन्हा मागणी केली. कंटिंजंटच्या खर्चाची हमी म्हणून मोठी रोख रक्कम अनामत ठेवतो, वऱ्हाड परत द्या, इथपर्यंत ते गेले. १८७६ ला विलायतेला जाऊन आले. ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली. वऱ्हाड कोणी दिले नाही. ८ फेब्रुवारी १८८३ ला ते कॉलऱ्याने गेले.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने घेतले. दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. आणि ज्या कंटिंजंटसाठी हे सगळे झाले, ती कंटिंजंटही त्याच सुमारास इंग्रजी लष्करात मिसळून संपली. कर्ज संपले, कारण संपले, तारण मात्र सुटले नाही. शेवटच्या निजामाने १९२३ ला पुन्हा मागणी केली, तेव्हा १९२६ ला व्हाइसरॉय रीडिंगचे उत्तर आले की ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरीने वाद घालता येणार नाही. १९३६ ला मानाचा तुकडा म्हणून युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब दिला. श्रीमंत निजामाकडे हिरा राहिला, वऱ्हाडचे फक्त नाव उरले.

आज आणि मी

आजची गोष्ट तशीच आहे, असे मी म्हणणार नाही. शिक्षकाने इतिहासाची अशी ओढाताण करू नये. आज केंद्राचे बहुतेक कर्ज रुपयांत आहे आणि आपल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी यांच्याकडून घेतलेले आहे. कोणी कर्नल मसुदा घेऊन दाराशी उभा नाही. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आले, तेव्हा ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवायची पाळी आली होती, तेही पुढे सुटले. पण केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींच्या खर्चापैकी १२ लाख ७६ हजार कोटी व्याजाचे आहेत. रुपयातले चार आणे. ते चार आणे शाळेत, दवाखान्यात, पाटबंधाऱ्यात जात नाहीत.

आणि आता मला स्वतःबद्दल बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख ढोंगी होईल. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला शिक्षक. म्हणजे मला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात मीही बसलो होतो. घोषणा दिल्या. माझा पगार हा सरकारचा खर्च आहे आणि मी मागत होतो तो वाढीव खर्च पुढच्या ३०-४० वर्षांचा आहे. एका बाजूला राज्याच्या कर्जाची काळजी आणि दुसऱ्या बाजूला ही मागणी, हे कसे जमते? माझ्याकडे सोपे उत्तर नाही. म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे पाहायला लागू नये, ही माझी भीती खरी आहे. आणि माझ्या पेन्शनचा हप्ता आज माझ्या वर्गात बसलेली मुले भरणार आहेत, हेही खरे आहे. खर्च कापायची वेळ आली की आधी भरती थांबते, शाळेत एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो आणि त्याचा भारही त्याच मुलांवर पडतो.

एवढे मात्र मी शिकलो. कर्ज कमी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. खर्च कमी करणे, वसुली सुधारणे, उत्पन्न वाढवणे, मालमत्ता विकणे, महागाईने रुपयाची किंमत उतरवणे किंवा बुडवणे. यातला प्रत्येक मार्ग कोणाच्या तरी खिशातून जातो. महागाईचा मार्ग तर मजुराच्या खिशातून गुपचूप जातो. म्हणून कोणता मार्ग, यापेक्षा मोठा प्रश्न हा की तो ठरवताना खिसा ज्याचा आहे, त्याला विचारले का, आणि वही त्याला दाखवली का.

भाषेच्या शिक्षकाला एक गोष्ट लक्षात येते. कर्ज, हिशोब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हप्ता, हे मराठीतले रोजचे शब्द अरबी-फारसीतून आले. व्याज हा संस्कृतातला, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ कपट असाही आहे. पैशाच्या बाबतीत आपल्या दोन्ही परंपरांना सावध राहणे माहीत होते. कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजावर नाही. ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे: लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी आळस करू नका. माझे अब्बा किराणा दुकान चालवत. उधारीची लाल वही गल्ल्याजवळ उघडीच असे. ज्याला पाहायची त्याने आपले पान पाहावे. ते म्हणत, वही झाकली की भांडण सुरू होते.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला फळ्यावर तारखा लिहून सगळे सांगितले. १७९८ पासून १९०२ पर्यंत. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, मग निजामाने पहिल्याच वर्षी विचारायला पाहिजे होते, ही फौज कशाला पाहिजे म्हणून."

मी हो म्हणालो. मग म्हणालो की आपणही विचारायला पाहिजे. आमदार गावात येतात, अर्थसंकल्प छापून येतो, तो मराठीत असतो. तुम्हाला मराठी मी त्यासाठीच शिकवतो.